चौथ्या व्हॉल्व्हचा शिक्का

"मार रे शिक्का, इसोबे. कागद काय अंडं घालणार आहे तुझ्यापुढे?" संचालक हागिवारा म्हणाले आणि टेबलाभोवतीची माणसं हसली.

इसोबे हसला नाही. शाई लावलेला शिक्का त्याने कागदापासून बोटभर वर धरला होता. उपग्रहाला आकाशात जागेवर ठेवणारी चार छोटी इंजिनं तयार होती आणि गुणवत्ता विभागाच्या त्याच्या शिक्क्यावाचून ती कारखान्याबाहेर पडत नव्हती. चौथ्या इंजिनाचा व्हॉल्व्ह शेवटच्या चाचणीत आधीपेक्षा किंचित जास्त गळला होता. गळती मर्यादेत होती, पण वाढत होती. उघडून पाहायचं तर तीन आठवडे जाणार आणि रॉकेट हुकणार. हागिवारा मार्चमध्ये निवृत्त होणार होते. जाण्याआधी त्यांना उड्डाण पाहायचं होतं.

अकरा वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं होतं. तेव्हा प्रकल्पप्रमुख इसोबे होता. "मर्यादेत आहे ना? मग उघडतोस कशाला?" असं हागिवारा चालता चालता बोलून गेले होते. तोंडी. सात महिन्यांत इंधन गळून उपग्रह मेला. चौकशीत हागिवारांनी काखा वर केल्या, "असं म्हटल्याचं मला आठवत नाही." कॅमेऱ्यांपुढे कमरेत वाकून माफी मागायला उभं केलं ते इसोबेला. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्सुबामे गावात चमच्यांना पॉलिश करत जन्म काढलेल्या त्याच्या बापाने ते टीव्हीवर पाहिलं. 'माझ्या पोराचं यंत्र वर फिरतंय' असं गावभर सांगणारा म्हातारा त्यानंतर न्हाव्याकडेही जाईना. मानेवर वाढलेल्या केसांनिशीच तो गेला. ते केस इसोबे विसरला नव्हता.

हागिवारांवर त्याने दात धरला होता आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती. आज सूड आयता दारात आला होता. काही करायचंच नव्हतं, मुकाट्याने शिक्का मारायचा. पुढचं काम व्हॉल्व्ह करील. मग या म्हाताऱ्याला घरातून ओढून आणतील, त्याच्या टकलावर कॅमेऱ्यांचे दिवे चमकतील. इसोबेला ते चित्र फार गोड वाटलं.

"आणि समजा, काही झालंच," हागिवारा शेजारी बसलेल्या शिहो कानझाकीकडे पाहत म्हणाले, "तर ही आहेच की! प्रकल्पप्रमुख आहे, तरुण आहे. कंबर चांगली लवचीक आहे हिची!"

पुन्हा हशा झाला. शिहोही हसली, हसावं लागतं तशी. व्हॉल्व्ह उघडू या, म्हणून तिने दोनदा लिहून दिलं होतं. दोन्ही वेळा कागद परत आला होता.

इसोबेचा सूड तिथेच नासला. म्हातारा याही वेळी नामानिराळाच राहणार होता. वाकणार होती ही पोर आणि टीव्हीपुढे बसणार होता हिचा बाप.

त्याने शिक्का खाली ठेवला. पेन काढून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'संचालक हागिवारा यांच्या आदेशावरून, व्हॉल्व्ह न उघडता रवाना.' मग कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"आधी तुमचा शिक्का, साहेब. मग माझा."

"हे काय नवीन काढलंस?"

"नवीन कुठलं? अकरा वर्षं जुनं आहे. तेव्हा तोंडी होतं, आज लेखी आहे."

हागिवारांचे कान लाल झाले. "इतकी वर्षं डूख धरून बसलायस?"

"हो," इसोबे म्हणाला. "बसलोय."

"अरे, कंपनीची अब्रू पणाला लागलीय आणि तू..."

"मग मारा की शिक्का. मर्यादेत आहे ना?"

हागिवारांचा हात शिक्क्यासाठी कोटाच्या खिशात गेला, थोडा वेळ तिथेच राहिला आणि रिकामा बाहेर आला. "उघडा काय उघडायचंय ते!" म्हणत ते निघून गेले.

"सर, उशिराचं कारण काय लिहू?" शिहोने हळूच विचारलं.

"इसोबेने शिक्का दिला नाही, असं लिही. चांगलं ठळक लिही."

व्हॉल्व्हच्या तोंडाशी केसाहून बारीक धातूची कपची निघाली. रॉकेट दुसऱ्या कुणाचा उपग्रह घेऊन गेलं. उशिराबद्दल इसोबेची बढती अडली, आणि ती अडणार हे त्याला ठाऊकच होतं.

मार्चमधल्या निरोप समारंभात हागिवारा भाषणाला उभे राहिले. "माझं मन काही मानेना. म्हटलं, रॉकेट गेलं तरी चालेल, पण तो व्हॉल्व्ह उघडाच!" टाळ्यांचा कडकडाट झाला. इसोबेच्या अंगाचा तिळपापड झाला. शिहो खुर्चीवरून उठू लागली, तिला त्याने डोळ्यांनीच बसवलं.

मग रीतीप्रमाणे हागिवारा बाटली घेऊन एकेकाच्या पेल्यात बिअर ओतत निघाले. निरोपाची बिअर कुणी नाकारत नाही. दोन्ही हातांनी पेला पुढे करायचा, घोट घ्यायचा आणि मागचं सगळं मिटलं असं समजायचं.

"धर रे पेला, इसोबे. झालं गेलं विसरून जा."

इसोबेने पेल्यावर तळहात ठेवला.

हागिवारांच्या हातातली बाटली तिरकी झाली होती, ती तशीच राहिली. सगळी रांग बघत होती.

"माफ करा साहेब, मला गाडी चालवायचीय."

इसोबे वीस वर्षं बसनेच येत होता, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. हागिवारांनाही.

पुढची खुर्ची शिहोची होती. तिने आपला पेला आधीच पालथा घातला होता.