वरचे तीन ठिपके

“वरचे तीन ठिपके गाळून टाक,” सर म्हणाले. “मग रेघ कशी छान बसते बघ.”

बाईने पडद्यावरच्या आलेखाकडे पाहिलंच नाही. प्रयोगशाळेत तिला तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘घोरपड’, कारण एखाद्या गोष्टीला चिकटली की ती सुटायची नाही. तिला हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

काम सांगायला सोपं होतं. पोलादी पात्रात कार्बन डायऑक्साइड इतका दाबायचा आणि इतका उबदार ठेवायचा की तो धड वायू राहत नाही, धड द्रव होत नाही. अशा त्रिशंकू कार्बन डायऑक्साइडमध्ये तांब्याच्या एका संयुगाची निळी पूड किती विरघळते, ते मोजायचं. दाब वाढेल तशी ती किती जास्त विरघळेल, याचं गणिती मॉडेल सरांनी बांधलं होतं. कमी दाबाची मापं त्या रेघेवर मुकाट बसली. जास्त दाबाची, आलेखाच्या वरच्या टोकाची तीन मात्र रेघ सोडून तिच्या खाली घसरली.

“गाळायचे कशाला? पुन्हा मोजले, तिथेच आले.”

“मोजण्यात चूक असेल.”

“मग पात्राच्या काचेतून एकदा बघा ना, सर. एवढ्या दाबाखाली वायू पुडीत शिरतो, मग ती पूड राहतच नाही, वितळते. तुमचं मॉडेल ती घनच आहे असं धरून चाललंय.”

पात्राला जाड काचेची खिडकी होती. पण नवं यंत्र आल्यापासून नमुना आपोआप बाहेर यायचा, त्यामुळे तिथे कुणी डोकवायचं नाही. ही पूड एवढ्याशा उष्णतेने वितळत नाही, हे सगळ्यांना पुस्तकातून पाठ होतं ना!

सर चष्मा पुसत राहिले. “पेपर आता गेला नाही तर प्रकल्पाला मुदतवाढ नाही. प्रकल्प नाही तर तुझी जागाही नाही. तूच ठरव.”

घरी आईने कपाळावर हात मारला. “अगं, तीन ठिपक्यांसाठी हातातली नोकरी घालवतेस? आभाळ कोसळणार आहे का?”

“आई, खडे असते तर मीच वेचून फेकले असते. हे दाणे आहेत.”

“शिकवलं तुला, तेच चुकलं,” आई म्हणाली आणि तिच्या ताटात न मागता आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगून टाकलं, “रेघ तुमची, ठिपके माझे. ठिपके जाणार असतील तर माझं नावही जाऊ दे.” सरांना वाटलं, राग आहे, निवळेल. तो निवळला नाही. पेपर तिच्या नावाशिवाय गेला, रेघ अगदी देखणी घेऊन. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली, तिच्या जागेला नाही.

जागा सोडायच्या दिवशी तिने पात्र शेवटचं भरलं आणि दाब चढवला. सर दारात आले, घुटमळले, मग स्वतःहून खिडकीपाशी वाकले. आत निळी पूड कडेने ओलसर झाली, खचली आणि तिचा थेंब झाला. सर बराच वेळ तसेच वाकून राहिले.

“वितळलं गं,” ते हळूच म्हणाले.

“हो.”

“पेपर तर गेला. पुढच्यात घालू हे. तुझंही नाव घालू. मी वर शब्द टाकतो, वर्षभर तरी...”

नोकरी तिला हवी होती. हे पात्र हवं होतं, ही खोली हवी होती, सगळं सगळं हवं होतं.

“आधी तो पेपर परत मागवा, सर.”

“असं कुठे करतात का! लोक काय म्हणतील? जरा माझाही विचार कर...”

तिने दाब सोडायचा व्हॉल्व्ह उघडला. वायू नळीतून फुसफुसत बाहेर निघाला आणि खोलीत दुसरं काही ऐकू येईना. सरांचे ओठ हलत होते. तिने व्हॉल्व्ह आणखी थोडा उघडला.