पोरीला ऐकू जावी म्हणून केलेली प्रार्थना

संध्याकाळी साडेसातला कौटुंबिक प्रार्थना, हा त्या घरचा तीस वर्षांचा नेम होता. घरातले कर्ते पुरुष बस डेपोत फोरमन होते आणि नात्यात, चर्चच्या मंडळीत, शेजारीपाजारी सगळे त्यांना फोरमनच म्हणत. कुकर गॅसवर असो की पाहुणा दारात, साडेसात म्हणजे साडेसात. आधी एक गीत, मग बायबलमधला शास्त्रपाठ आणि शेवटी फोरमनची प्रार्थना. ती लांब असे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात असा एखादा वडीलधारा असतो, ज्याची प्रार्थना रंगात आली की बाकीचे एक डोळा किलकिला करून घड्याळाकडे बघू लागतात.

अलीकडे मात्र ही प्रार्थना बोचरीही झाली होती, आणि त्याला कारण होती मुलगी. एकुलती एक, वीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी ती बॅग घेऊन होस्टेलवरून घरी आली आणि मी आता परत जाणार नाही, एवढंच म्हणाली.

फोरमन तिच्यावर ओरडले नाहीत. तिला काही विचारलंही नाही. जे बोलायचं ते साडेसातला, डोळे मिटून, देवाला सांगू लागले. "हे दयाळू पित्या, या घरातल्या काही जणांना काम अर्ध्यावर सोडायची सवय लागली आहे. त्यांना सुबुद्धी दे." दुसऱ्या दिवशी आईबापांच्या कष्टांची जाणीव नसलेल्या लेकरांची पाळी. मुलांना लाडावून ठेवणाऱ्या आयांसाठीही एखादं वाक्य असेच, आणि ते आलं की फोरमनची बायको ओठ घट्ट मिटून घेई. प्रार्थनेच्या मध्ये कोणाला उलट उत्तर देता येत नाही, ही सोय फोरमनना चांगली मानवली होती.

एके दिवशी त्यांनी "कामचुकारपणाच्या आत्म्यापासून सोडव" म्हणताच मुलगी उठून उभी राहिली.

"पप्पा, मला काही सांगायचं असेल तर मला सांगा. देवाला कशाला मध्ये घालता?"

ती आत निघून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेला बसायचीच बंद झाली.

फोरमनच्या अंगाचा तिळपापड झाला. डेपोत त्यांनी एका मेकॅनिकला साध्या पान्यावरून फैलावर घेतलं. मनातून ते देवावरच चिडले होते. तीस वर्षांत आपण एक दिवस चुकवला नाही, तापातसुद्धा गुडघे टेकले, आणि त्याचं हे फळ? रोज मागतोय, तर पोरगी सुधारायची सोडून उलट बोलायला लागली. वर कोणी ऐकतंय की नाही, अशीही शंका त्यांना एकदा चाटून गेली, आणि त्या शंकेने ते आणखीच वैतागले.

त्या दिवसांत त्यांची थोरली बहीण मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याकडे आली होती. जन्मभर शाळेत शिकवलेली, फार न बोलणारी बाई. दिवसातून चार वेळा तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागत. रविवारी दुपारी ते काम फोरमनकडे आलं. थेंब घातल्यावर तिला पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं होतं, आणि समोरचा माणूस उठून जाऊ शकत नाही हे पाहून फोरमननी आपलं सगळं गाऱ्हाणं तिच्यापुढे ओतलं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डोळे न उघडताच विचारलं, "तू प्रार्थना करतोस ती कोणाला ऐकू जावी म्हणून?"

"देवाला. दुसऱ्या कोणाला?"

"मग आवाज एवढा का चढवतोस रे? काल मी पार मागे मोरीत होते, तरी मला शब्दन्‌शब्द ऐकू आला."

फोरमन औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट करू लागले. तेव्हा ती म्हणाली, "राग मानू नकोस. तू देवाशी बोलत नाहीस, देवाच्या आडून पोरीशी बोलतोस. तुझ्या डेपोतला एखादा माणूस रोज तुझ्या केबिनमध्ये येऊन नुसत्या दुसऱ्यांच्या चुगल्या सांगून जात असेल, तर तीस वर्षांनी तो तुझा मित्र होईल का? स्वतःबद्दल तू देवाला शेवटचं कधी काय सांगितलंस, आठवून बघ."

फोरमननी आठवून पाहिलं. तब्येत, प्रवासात राखण, मंडळीची भरभराट, एवढंच आठवलं. तिने त्यांना एकच काम सांगितलं. रोज पंधरा मिनिटं एकट्याने बसायचं, कोणाचीही तक्रार करायची नाही, आणि खरं असेल तेवढंच बोलायचं. काही सुचलं नाही तर गप्प बसायचं, पण उठायचं नाही.

फोरमनना ते पोरकट वाटलं. तरी सोमवारी पहिल्या पाळीआधी डेपोतल्या आपल्या केबिनचं दार लावून ते बसले. तोंड उघडलं आणि नेहमीची वाक्यं धडाधड बाहेर पडली. ती दोन मिनिटांत संपली, मग उरलेला वेळ घड्याळाकडे बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी बंद पडलेल्या गाडीचा गिअरबॉक्स डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी चक्क डुलकी लागली. चौथ्या दिवशी त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि चिडून म्हणाले, "मला तुझ्याशी काय बोलावं तेच कळत नाही!"

आणि मग ते तसेच उभे राहिले. कित्येक वर्षांत आपण देवाला बोललेलं हे पहिलं खरं वाक्य आहे, हे त्यांना जाणवलं. ते पुन्हा बसले. त्यानंतर जे बाहेर आलं त्याला ना सुरुवात होती ना शेवट. पोरगी नर्स होणार म्हणून आपण डेपोभर सांगत सुटलो होतो. आता लोकांनी विचारलं की आपल्याला लाज वाटते. पोरीची काळजी मागाहून येते, आधी येते ती ही लाज. आणि तिने शिक्षण का सोडलं, हे आपण तिला अजून एकदाही विचारलेलं नाही. बाहेर गाड्या सुरू झाल्या होत्या, पण त्या दिवशी फोरमन उशिराच बाहेर आले.

ते घरी परतले तेव्हा मुलगी गच्चीत वाळलेले कपडे काढत होती. ते तिच्या शेजारी उभे राहिले आणि साध्या शब्दांत विचारलं, काय झालं होतं? तिने हातातल्या चादरीची घडी पुरी केली. मग तिने सांगितलं. वॉर्डात एक म्हातारी होती, तीन आठवडे हिच्याच हातून जेवायची. ती गेली तेव्हा तिचा हात हिच्या हातात होता. हिला रडू आलं, तर वरिष्ठ नर्सने सगळ्यांसमोर झापलं आणि दहा मिनिटांत तो पलंग पुढच्या पेशंटसाठी तयार करायला लावला. त्यानंतर त्या वॉर्डच्या दारात हिचे पायच उचलत नसत.

"आले त्याच दिवशी सांगणार होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, आधी प्रार्थना होऊ दे. आणि प्रार्थनेतच तुम्ही माझा निकाल लावून मोकळे झालात."

चुकलं माझं, एवढंच फोरमन म्हणाले.

त्याने सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. मुलगी त्या संध्याकाळी प्रार्थनेला आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. केबिनमधली पंधरा मिनिटं मात्र फोरमननी सोडली नाहीत. कधी ती कोरडी जात, कधी नुसता वैताग बाहेर पडे. पण आता तो वैताग ते देवासमोर मोकळेपणी मांडत आणि हलके होऊन कामाला लागत. घरची प्रार्थना चार-पाच वाक्यांवर आली.

दहाव्या दिवशी मुलगी येऊन बसली. आज मी करू का, असं तिने विचारलं. तिचा आवाज इतका हळू होता की कान देऊन ऐकावं लागत होतं. "प्रभू, मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे. त्या आजी एकट्या गेल्या नाहीत, एवढं मला कळू दे. आणि परत जायचं की नाही, ते मला माहीत नाही."

देवाशी असं बोलू नये, हे फोरमनच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि मान खाली घातली.

वाचकहो, आपणही रोज प्रार्थना करतो. ती करताना एकदा स्वतःला विचारावं, मी हे नेमकं कोणाला ऐकवतोय? देवाला आपली पाठ केलेली वाक्यं नकोत आणि दुसऱ्यांचे गुन्हेही नकोत. राग, भीती, लाज, जे असेल ते घेऊन रोज त्याच्याजवळ बसावं. तिथे खरं बोलायची सवय लागली, की घरातल्या माणसांशीही खरं बोलता येतं.