बिनखांबाचं कुंपण

मोडतोड हा माझा धंदा. बांधताना लोक आपसात भांडतात आणि मोडायची वेळ आली की मला बोलावतात.

थोरल्याने बोलावलं ते अंगणातला जुना लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, काढायला. वाळवीने असा पोखरलेला की पाय ठेवला तर फळीसकट आत.

"डेक सगळा काढ. कुंपणाला बोट लावायचं नाही," तो म्हणाला.

"पलीकडे कोण राहतं?"

"कुणी नाही."

त्या 'कुणी नाही'ने पलीकडून मोठ्याने खाकरून दाखवलं. सख्खा धाकटा भाऊ. बाप गेला, अंगण वाटलं, आणि एकमेकांचं तोंड बघायला नको म्हणून मधे पुरुषभर उंच कुंपण.

मी वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. कुंपणाला खांबच नाहीत!

"खांब माझ्या जमिनीत का म्हणून? त्याने द्यावी की वीतभर जागा!" थोरला म्हणाला. धाकटाही तेव्हा हेच म्हणाला असणार. म्हणून या शहाण्यांनी कुंपण दोघांच्या डेकला खिळे मारून अधांतरी ठेवलं होतं. धाकट्याचा डेक कधीच कुजून गेला. आता आधार एकच.

"साहेब, डेक गेला की कुंपण आडवं."

"मला शिकवू नकोस. दगडासारखं उभं आहे."

बरं. अक्कल विकायला मी आलो नव्हतो. पहार घातली. शेवटची फळी उचकटली तसं अख्खं कुंपण डुललं. थोरल्याने धावत जाऊन ते दोन्ही हातांनी धरलं. पलीकडूनही कुणीतरी धरलं.

"अगं ए, त्याला सांग, इकडे ढकलू नकोस म्हणावं!" थोरल्याने घरातल्या बायकोला ओरडून सांगितलं.

"वहिनी, त्यांना सांगा, ढकलतायत तेच!" पलीकडून.

वहिनी दारात आल्या. "सोडा की दोघं. कुजलंय ते."

"सोडलं तर त्याचं थोबाड दिसेल!"

"आरशात रोज तेच तर दिसतं," म्हणून त्या आत गेल्या.

थोरला माझ्यावर डाफरला, "बघतोस काय? खांब आण!"

"आणतो की. गाडायचे कुणाच्या जमिनीत?"

थोरल्याने कुंपण आणखी घट्ट धरलं. पलीकडच्यानेही.

मी फळ्या गाडीत भरल्या. निघताना वळून पाहिलं. कुंपणाला एकदाचे खांब मिळाले होते. दोन. सख्खे.