दोन यंत्रं, एक बोर्ड

"ताई, दोन्ही वायरी एकाच बोर्डात शिरल्यात," टेबलाखालून वायरमन म्हणाला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. सहा वर्षं ती तिसऱ्या मजल्यावर बसून या दोन संगणकांच्या बंद पडण्याचं गणित मांडत होती. तळमजल्यावर गुडघे टेकून आज पहिल्यांदाच बघत होती.

*अहवाल, पान चौदा. प्रत्येक संगणक हजार तासांत तीन तास बंद असतो. एक बसला की दुसरा काम उचलतो. दोन्ही एकदम बंद: दहा लाख तासांत नऊ तास. म्हणजे वर्षाला पाच मिनिटंही नाहीत.*

सोमवारपासून शहरातल्या सगळ्या रुग्णवाहिका हे संगणक पाठवणार होते. ९९.९९९ टक्के चालू. त्या पाच नवांवरून ऑफिसात तिला सगळे नऊताईच म्हणत.

गुणाकार बरोबर होता. फक्त एकाच्या बंद पडण्याशी दुसऱ्याचा काही संबंध नसेल, तरच तो करायचा असतो.

"हा बोर्ड जातो का हो कधी?"

"जातो की! म्हातारा झालाय माझ्यासारखा. वहीत लिहून ठेवतो मी."

तिने वही उभ्याउभ्याच वाचली. हजार तासांत एक तास.

•

"अहो नऊताई, सोमवारी उद्घाटन, आणि तुम्हाला शुक्रवारी बोर्ड सापडला?" साहेबांनी चष्मा काढला.

"पाच मिनिटं नाही साहेब. वर्षाला पावणेनऊ तास. पाच नवांतले तीनच उरले, ९९.९. तेवढा वेळ लोक फोन करत राहतील आणि गाडी निघणार नाही."

"वायरिंगच्या नकाशात दोन बोर्ड आहेत ना? मग नकाशाप्रमाणे सही करा. दुसरा बोर्ड पुढच्या महिन्यात लावू."

"मग सहीही पुढच्या महिन्यात करते."

साहेबांनी चष्मा परत चढवला. "गणित तुमचं आहे. चूकही तुमच्याच नावावर जाईल. विभागप्रमुखाचं नाव मला याच आठवड्यात कळवायचंय, एवढं लक्षात असू द्या."

"लक्षात आहे."

•

"म्हणजे आता तुला तीनताई म्हणणार?" जेवताना आईने विचारलं.

"काहीच नाही म्हणणार बहुतेक."

"बरं झालं. मला तर ते नाव कधी आवडलंच नव्हतं. भाजी घे."

•

*पान चौदा, दुरुस्ती. दोन्ही एकदम बंद: हजार तासांत साधारण एक तास. आधीच्या गणितात मी दोन्ही संगणक एकमेकांपासून स्वतंत्र धरले होते. जागेवर जाऊन पाहिलं नव्हतं. चूक माझी.*

खाली सही. पूर्ण नावाची.

•

उद्घाटन महिनाभर लांबलं. विभागप्रमुख दुसराच कुणी झाला, आणि त्या दिवशी वर मंचावर तोच बसला होता. भाषणं संपली की पहिला फोन घ्यायचा होता.

तळमजल्यावर दोन बोर्ड होते, समोरासमोरच्या भिंतींवर. वायरमनने पहिल्याच्या खटक्यावर बोट ठेवलं.

"पाडू?"

"पाडा."

खट्. एका संगणकाचा पंखा घरघरत थांबला. दुसऱ्याचा फिरत राहिला. वर टाळ्या पडत होत्या. माईकचा आवाज जराही तुटला नाही.

तिने वायरमनच्या वहीत वेळ लिहिली. मग गुडघ्यांवरची धूळ तशीच ठेवून समोरच्या भिंतीकडे गेली.

"तो चालू करा," ती म्हणाली. "आता हा पाडून बघू."