लोळणीखालची वाट

शेषेराव गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि त्यांनी गाडीच्या पोटाखाली पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. ना मधला दांडा, ना तेलाचे डाग, ना चिखलात अडकेल असं लोंबतं लोखंड. ताटासारखं सपाट पोट आणि चार कोपऱ्यांना चार चाकं.

"इंजन कुठं ठेवलं, बाई?"

"चाकांतच आहे, काका," मुग्धा म्हणाली. लातूरच्या एका कारखान्यातून ही विजेवरची गाडी चिखलात तपासायला ती घेऊन आली होती. "प्रत्येक चाकात एक मोटार. चारही आपापल्या बुद्धीनं चालतात."

"मंग घरात भांडणं लई होत असतील."

जमलेली मंडळी हसली. मंडळी हसली की शेषेरावांना बरं वाटायचं. आज त्याची जरा जास्तच गरज होती.

समोर लोळण पसरली होती. ओढ्याकाठची पाचेक एकर चिबड, काळी जमीन. आठ दिवसांच्या पावसानंतर म्हशीसुद्धा तिथं विचार करून पाय टाकत. पलीकडं गावातल्या बजरंगची केळीची बाग. त्यानं कालच दीडशे घड उतरवून ठेवले होते आणि व्यापाऱ्याचा ट्रक अर्धापूर रस्त्यावर चार वाजेपर्यंतच थांबणार होता.

पंचवीस वर्षं लोळणीतून पार जाणारा गावात एकच ट्रॅक्टर होता, शेषेरावांचा. गाडी फसलेला माणूस दारात आला की ते त्याला आधी चहा पाजत, मग हवापाण्याचं बोलत, मग आढ्याकडं पाहत म्हणत, "बघू." त्या एका 'बघू'पुढं निम्म्या गावाची मान वाकलेली होती. त्यांनी साहेबांची जीप काढली होती, वरातीची मोटार नवरदेवासकट काढली होती. लोक म्हणत, शेषेरावच्या हाताला जादू हाय.

जादू खाली होती. बहात्तरच्या दुष्काळी कामावर त्यांच्या वडिलांनी इथं दगडांची वाट रचली होती. सात वर्षांचे शेषेराव भाकरी घेऊन त्याच दगडांवरून अनवाणी जायचे. पुढं ओढ्यानं अंग बदललं, वाट गाळाखाली हातभर खोल गेली, रचणारे एकेक करून गेले. ट्रॅक्टरच्या रुंदीएवढी ती पट्टी, मधोमध एक वळण घेऊन, शेषेरावांच्या तळपायांना तेवढी ठाऊक होती. त्यांच्या चाकोरीमागून जायचा डाव दोघातिघांनी करून पाहिला. वळणावर हातभर चुकले आणि आसापर्यंत बसले. त्यांनाही शेषेरावांनीच काढलं. घरच्या माणसालासुद्धा त्यांनी यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

"मामा, आज तुमाला तरास न्हाई, घड ही गाडीच आणंल," बजरंग म्हणाला. "निस्तं बसून बगा."

"हाव, बगतो की. साखळी आणलीच हाय संगं."

मुग्धानं विचारलं, "इथली सगळ्यात वाईट जागा कोणती?"

"मामाला इचारा. दुसऱ्या कोणाला काय कळतंय?" बजरंग म्हणाला.

शेषेराव गाडीत तिच्या शेजारी बसले आणि पट्टीपासून लांब, ओढ्याच्या अंगाला बोट दाखवलं. "तिथून घाला."

गाडी उतरली. शेषेरावांनी सवयीनं कान दिला. गाडी कधी फसणार हे ते इंजिनाच्या गळ्यावरून ओळखत. आधी घरघर, मग ओरड, मग धाप. इथं काहीच नव्हतं. नुसता चिखल चाकाला चिकटून सुटल्याचा ओला आवाज, आणि बेडूक. त्यांनी बाहेर मान काढली. पुढचं डावं चाक बुडालं आणि चक्क थांबलं, पाय घसरल्यावर माणूस थांबतो तसं. तेवढ्यात मागच्या उजव्यानं भार घेतला, मग पुढच्या उजव्यानं. मग डावं सावकाश फिरलं, चाचपलं आणि वर आलं. कुणी गुरकावलं नाही, कुणी चिखल उडवला नाही.

शेषेरावांच्या हातून दारावरची दांडी सुटली. कधी धरली होती, तेच त्यांना आठवेना.

"चाचपून चालून राहिली ही," ते पुटपुटले.

"अगदी तेच, काका."

पलीकडं पंचवीस घड लादले. परत येताना त्यांनी वेगळी, आणखी वाईट जागा दाखवली. तिसऱ्यांदा आणखी वेगळी. फसावी ही आशा दुसऱ्याच खेपेला गेली होती. आता ते नुसतं बघण्यासाठी जागा सुचवत होते. चौथ्या चाकाची पाळी कधी येते, भार कसा हातोहात जातो. एका खोल खड्ड्यात गाडी जागच्या जागी वळली, डावी चाकं मागं, उजवी पुढं, तेव्हा साठी उलटलेले शेषेराव लहान पोरासारखे "अरे!" म्हणाले आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

चौथ्या खेपेनंतर मुग्धानं काठावर गाडी थांबवली. समोरच्या पडद्यावर लोळणीचा नकाशा होता. चाकाला जिथं जोर लावावा लागला तिथं तांबडा ठिपका. सगळी लोळण गोवर उठल्यासारखी तांबडी. मधे मात्र काही हिरवे ठिपके होते. गाडी जाता-येता दर वेळी नव्या जागेवरून तिरपी गेली होती, त्यामुळं दर वेळी हिरवा ठिपका नव्या जागी पडला होता. आता ते आठ होते. रस्त्यापासून बजरंगच्या केळीपर्यंत, मधोमध एक वळण घेऊन.

एकाच जागेवरून नेली असती तर एकच ठिपका पडला असता. आणि नव्या जागा दाखवणारे शेषेराव स्वतःच होते.

"काका, इथं खाली दगड आहेत?"

शेषेराव पडद्यावरच्या वळणाकडं पाहत राहिले. नेमकं तेच वळण. आणि अर्ध्या दिवसात या चार चाकांना ते लागलं होतं, चिखलाच्या वरून, डोळे नसताना.

मुग्धानं एकदा काठावरच्या गर्दीकडं पाहिलं, एकदा त्यांच्या ट्रॅक्टरकडं, एकदा त्यांच्याकडं. मग बोट लावून तिनं पडदा काळा केला.

"मला फक्त चाकांचं लिहून द्यायचंय," ती म्हणाली.

बजरंग धावत आला. "ताई, पन्नास घड ऱ्हायले. दोनच खेपा."

"चार्जिंग संपत आलंय, दादा. आता रस्त्यापर्यंत जाईल तेवढंच. चुकलंच आमचं, इतका चिखल धरला नव्हता."

तीन वाजून गेले होते. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. गर्दी जरा हलली आणि एकेक तोंड शेषेरावांकडं वळलं. बजरंगचं सगळ्यात शेवटी. सकाळचं बोलणं त्याला आठवलं असावं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"मामा... तेवढा तुमचा टॅक्टर..."

अशा वेळी शेषेराव आढ्याकडं पाहत. इथं आढं नव्हतं, तरी मान वर झाली. कुणीतरी तेवढ्यात चहा आणायला पळालंसुद्धा. पण तो 'बघू' काही तोंडातून आला नाही. त्यांची नजर खाली, गाडीच्या पुढच्या चाकावर उतरली. चिखल वाळून त्याला भेगा पडत होत्या.

"तुझा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"माझा? घरी. कामून?"

"घेऊन ये. ट्रॉली लाव."

"चेष्टा करून राहिले का मामा? माझा बसंल की आसापर्यंत!"

"न्हाई बसत. माज्या मागं ये म्हणजे झालं."

बजरंग ट्रॅक्टर घेऊन आला तोवर शेषेरावांनी चपला काढून गाडीपाशी ठेवल्या होत्या आणि धोतर गुडघ्याच्या वर खोचलं होतं. ते लोळणीत उतरले, पोटरीपर्यंत गेले आणि थांबले. मागं ट्रॅक्टर काठावर धडधडत उभा होता. बजरंगचा पाय ब्रेकवरून निघत नव्हता. गर्दीत कुणी हसलं नाही.

मुग्धाही गाडीतून उतरली होती. शेषेरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. गाळ ढवळत एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि मागं न वळता ओरडले,

"बजरंग, चाकं माज्या दोन्ही बाजूला धर. पुढं वळण हाय, तिथं सांगतो."