वाळूचं पोतं

दाजींच्या होडीत माझं काम एकच. ते जाळं ओढायचे, मी पाणी उपसायचो. ओल्या जाळ्याबरोबर पाणी आत येतं, वारं सुटलं की लाटेचं येतं, आणि एकटा माणूस जाळं धरील की डबडं? म्हणून दोघं. अक्काचं लग्न झाल्यापासून माजलगावच्या धरणावर आमची ही जोडी. माझं घर त्यावरच चालायचं.

होडीचा आतला तळ वर उचलायचं खूळ माझंच. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. खाली हवाबंद पोकळी ठेवून वर प्लायवूडचा नवा तळ ठोकायचा आणि त्याला लागून दोन्ही बाजूंना भोकं पाडायची. नवा तळ बाहेरच्या पाण्याच्या वर राहिला, की आत आलेलं पाणी आपोआप बाहेर. खाली राहिला, तर धरणच आत येणार. सगळा खेळ त्या उंचीचा.

म्हणून माप भरल्या होडीचं घ्यायचं. दाजी जाळी घेऊन आत बसले. मी बाहेर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून खिळ्याने खूण करणार होतो, म्हणून माझ्या जागेवर वाळूचं पोतं ठेवलं. वाकलो, तेवढ्यात दाजींनी पोतं पाण्यात लोटून दिलं.

“कावून हो दाजी?”

“पाव्हणं, तुमचं वजन ते केवढं! कोंबडी बी जास्त भरंल.”

मी हसलो. दाजींनी थट्टा करायची आणि मेव्हण्याने दात काढायचे, हे ठरलेलंच.

“मग माझ्या वजनापायी तळ खुणेच्या चार बोटं वर धरा,” मी म्हणालो.

“धरू की.”

फटी बुजवायचं सामान आणायला मी माजलगावला गेलो. परत आलो तर दाजींचा तळ ठोकून झाला होता. मीही मापायला गेलो नाही. घरच्या माणसाचं काय मापायचं?

काल होडी पाण्यात लोटली. दाजी बसले, मागून मी चढलो, आणि दोन्ही भोकांतून बुडबुड पाणी आत. माझे घोटे बुडाले.

“उतरा बरं जरा,” दाजी म्हणाले.

उतरलो. होडी वर आली, पाणी निघून गेलं, तळ कोरडा.

“बघा, एकट्याला बेस हाय.” दाजी जाळ्याकडे बघत होते. “आता उपसायला माणूस कशाला? मासळी बी पयल्यावानी घावत न्हाई.”

“तोंडावर सांगायचं व्हतं की! माझ्याच हातानं मलाच काढायचं?”

त्यांनी वल्हं उचललं. एकच आधार वाटला, अक्का. ही लबाडी तिच्या कानावर गेली की ती यांना उभं-आडवं घेईल. रोज पहाटे ती दाजींच्या हाती दोन गाठोडी द्यायची. दाजींच्या भाकरीवर ठेचा, माझ्या भाकरीवर दही, मला तिखट सोसत नाही म्हणून.

गाठोडी बाभळीला टांगलेली असायची. माझं घेऊन तडक तिच्याकडेच जावं म्हणून बाभळीखाली आलो.

फांदीला एकच गाठोडं होतं. सोडून पाहिलं. भाकरीवर ठेचा होता.