कोपऱ्यातल्या बाईची कंबर

दुपारी दोन वाजता प्रीताला म्युझियममध्ये एका चित्रावर दहा मिनिटं बोलायचं होतं. बोलणं रंगलं तर उन्हाळाभर तिथल्या चित्रसंग्रहात काम मिळणार होतं, आणि त्या कामासाठी तिनं वर्षभर जीव टाकला होता.

चित्र दीडशे वर्षांपूर्वीचं, एका अमेरिकन साप्ताहिकात छापलेलं. समुद्रकिनारा, छत्र्या, घोळदार झगे सावरत लाटांपासून पळणाऱ्या बायका. उजव्या कोपऱ्यात मात्र एक जण पाठमोरी वाकलेली, हात मागे कमरेशी. संग्रहातल्या नोंदीत 'कंबर दुखणारी स्त्री' असं लिहिलं होतं. सगळे मजा मारतायत आणि हिचीच कंबर धरली, हे काही प्रीताला पटेना.

अकरा वाजता ती डेव्हन ॲव्हेन्यूवर लतिकामावशीच्या साडीच्या दुकानात शिरली. मावशीनं वीस वर्षं गणपतीच्या कार्यक्रमाला शिकागोतल्या पोरींना नऊवारी नेसवली होती. चित्रकलेशी तिचं देणंघेणं नव्हतं. प्रीतानं फोनवर तो कोपरा मोठा करून दाखवला.

"कंबर कसली दुखतेय? कासोटा घालतेय ती," मावशी म्हणाली. "बाकी कुणाच्या टाचा दिसतायत का? हिच्या दिसतायत. पुढचा घोळ पायांमधून मागे घेऊन खोचतेय. पाण्यात शिरायचंय तिला."

प्रीताच्या अंगावर काटा आला. इतके दिवस भिंग घेऊन बसली होती, आणि टाचा दिसल्या नव्हत्या! आनंदानं तिला दुकानातच नाचावंसं वाटलं. पण सांगून कुणाला कळत नाही, करून दाखव, असं म्हणत मावशीनं तिला जीन्सवरच एक घेरदार घागरा चढवायला लावला , तीनदा कासोटा घालून घेतला आणि त्याच घागऱ्यात म्युझियमला पाठवलं.

दोन वाजता प्रीतानं हे सगळं सांगितलं, तर संग्रहाच्या प्रमुख बाईंनी शांतपणे पुरावा मागितला. प्रीता समोर बसलेल्या चाळीस लोकांकडे पाठ करून वाकली, घागऱ्याचा घोळ पायांमधून मागे ओढला आणि कमरेशी खोचू लागली.

"तशीच थांब," बाई म्हणाल्या.

त्यांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा प्रीताच्या टाचांकडे. मग खिशातून पेन काढून त्यांनी नोंदीतली कंबर खोडली, कासोटा हा शब्द प्रीताकडून अक्षर-अक्षर विचारून लिहून घेतला आणि सोमवारपासून येशील का, असं विचारलं.

प्रीतानं बाहेर येऊन धापा टाकतच मावशीला फोन केला. नोकरीचं ऐकून मावशीला भरून आलं, पण तिनं आधी विचारलं ते वेगळंच.

"घट्ट खोचला होतास ना गं? सुटला असता तर माझं नाव गेलं असतं."